चुकलेलं कूळ

प्रिय ताई,

परवा फोनवर "मी बरी आहे" म्हणाले ते खोटं होतं. तू माझ्या बसलेल्या घशाची चौकशी करत राहिलीस आणि मी नुसतं हं हं करून फोन ठेवला. जे सांगायचंय ते बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून लिहितेय. अक्षर बघून हसू नकोस, घाईत लिहितेय.

तो ठिपक्यांचा भुंगेरा आठवतो? कालव्यात माजलेल्या वेलीचा फडशा पाडायला आम्ही प्रयोगशाळेत वाढवलेला, ज्याला तू "माझा भाचा" म्हणायचीस? दहा वर्षांपूर्वी त्याचं कूळ मीच ठरवलं. पंखांवरच्या शिरा, पायांची नखं, मिशा कुठून फुटतात, सगळं भिंगाखाली पाहून ठामपणे लिहिलं, हा फक्त पानं खाणाऱ्यांतला. कूळ कळलं की तो पिकांना लागणार नाही ना, हे तपासायला त्याच्यापुढे काय काय ठेवायचं ते ठरतं. आम्ही तऱ्हेतऱ्हेची पानं घातली. वेलीशिवाय त्याने कशालाच तोंड लावलं नाही. शेंगा मात्र कुणी ठेवल्याच नाहीत. त्या कुळातलं कुणी शेंगेत अंडी घालतच नाही ना!

गेल्या महिन्यात नव्या सहकारिणीने त्याची जनुकं तपासली. म्हणाली, "मॅडम, हा तुमच्या कुळात बसतच नाहीये." मी हसण्यावारी नेलं, नमुने मिसळले असतील म्हटलं. तिने पुन्हा केलं, मग तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा तो शेंगा पोखरणाऱ्यांच्या शेजारी जाऊन बसला. शेवटी मी स्वतः एक मादी उघडली. अंडी घालायची नळी मऊ असायला हवी होती, ती सुईसारखी टणक. जुनी वही काढली, तर तीच नळी तेव्हा मीच पेन्सिलीने काढलेली आणि खाली माझ्याच अक्षरात दोन शब्द: किरकोळ फरक.

साहेबांना सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. "खात्री होईपर्यंत कुठे बोलू नका," म्हणाले. आणि मी चार दिवस गप्प बसले, ताई. जिन्यात पावलं वाजली तरी दचकायचे, पण गप्प बसले. आज सकाळी मात्र वरपासून खालपर्यंत सगळ्यांना सहीनिशी लेखी कळवलं. निघायच्या तयारीतल्या भुंगेऱ्यांच्या पेट्या लगेच थांबवल्या. साहेब माझ्याकडे बघतही नाहीत. नोकरीचं काय होईल ठाऊक नाही.

पण पहिली खेप दीड महिन्यापूर्वीच सोडून झालीय. कुठे, ते तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं, अचानक येऊन चकित करणार होते. जागा मीच सुचवली होती, तुमच्या मळ्यामागचा कालवा. तपासणीच्या निमित्ताने दर महिन्याला तुझ्याकडे राहायला मिळेल, एवढाच विचार केला होता. भावोजींचा सगळा घेवडा तिथून दहा पावलांवर आहे. हे पत्र ऑफिसच्या गाडीबरोबर पाठवतेय. हातात पडलं की लगेच शेंगा बघ. टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं तर ती शेंग फेकू नकोस, बरणीत घालून झाकण घट्ट लाव. उद्या सकाळी मी येतेच. भावोजींना तू काही सांगू नकोस, त्यांच्यासमोर मलाच उभं राहू दे. मला बोल, हवं तेवढं बोल, पण आधी शेंगा बघ.

तुझीच,
शेंडेफळ