पिवळ्या स्वेटरच्या बाह्या

जळगाव जामोद

प्रिय ताई,

काल तू पाठवलेला फोटो मिळाला. छकुली बाजारातल्या गुलाबी स्वेटरमध्ये, आणि तिच्या मागे भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये आईचा पिवळा स्वेटर. खाली तू छापून घेतलं आहेस, 'आजीने शेवटच्या दिवसांत विणलेला'. पुढच्या आठवड्यात वर्षश्राद्धाला येताना ती फ्रेम आणून आईच्या फोटोशेजारी ठेवायची, असंही लिहिलंस. ताई, फ्रेम आणू नकोस. काच उघड, स्वेटर काढ आणि छकुलीला घाल. वर्षाच्या मापाचा आहे, याच थंडीत बसेल. पुढच्या थंडीत तिचे हात त्यात जाणार नाहीत. तुझ्या सासूबाई म्हणाल्या त्यात काही चुकीचं नव्हतं. "काऊन व सूनबाई, पोरीचं आंगडं भिंतीले घातलं? भिंतीले थंडी वाजते काय?" हे फोनवर सांगताना तू चिडली होतीस आणि मी नुसतं 'हं' म्हणाले होते.

कारण सांगणार आहे, पण ते सरळ एका वाक्यात लिहायला मला जमत नाहीये. दोन कागद फाडून झाले.

माझं विणकाम तुला माहीत आहे. आई एक वस्तू हातावेगळी झाल्याशिवाय दुसरीचे टाके घालायची नाही. मी मात्र एका वेळी पाच-सहा सुरू करते. मागच्या वर्षी दिवाळीनंतर बाबांचा मफलर सुयांवर होता, क्रोशाचं तोरण तीन कमळांवर अडलं होतं, उशीच्या अभ्र्यावर साखळी टाक्याची वेल अर्ध्यात थांबली होती, आणि आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी खाटेखाली धूळ खात होती. आई शेजारच्या रुक्मिणीबाईंना सांगायची, "आमच्या शरयूनं सात चुली पेटोल्या, पण भाकर एकीवरबी नाही." रुक्मिणीबाई हसायच्या आणि मी लगेच आठवी चूल पेटवायचे. मला नवीन काही सुचतं ते घरात कधीच नाही. डोंगराकडच्या वाटेला शेतांमधून चालताना सुचतं. पिशवीत लोकरीचे तुकडे घेऊन जायचं, पानाला, सालीला, मातीला लावून बघायचे. आईनेच ही सवय लावली. लहानपणी सुलट-उलट टाके शिकवताना ती मला अंगणात बसवायची, म्हणायची की रंग उजेडात निवडावा.

आईला अकोल्याच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा तुला आठवा महिना होता म्हणून कुणी प्रवास करू दिला नाही. बाबा तिच्यापाशी होते. मी कपडे न्यायला म्हणून दोन दिवसांसाठी घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात बसवेना म्हणून चालायला गेले. तूर फुलली होती. तू तुरीचं फूल उलटं करून पाहिलं आहेस का? समोरून नुसतं पिवळं, पण पाठीवर विटकरी रंगाच्या बारीक रेघा, कुणी एकेरी दोऱ्याने टाके घातल्यासारख्या. मी बांधावर उभी राहून बघत राहिले. आई दवाखान्यात, आणि माझ्या डोक्यात एक शाल तयार होत होती. मला आनंद झाला होता, ताई. हे लिहितानाही लाज वाटते, पण झाला होता.

तो पिवळा माझ्याकडे नव्हता. दुकानात होता तो हळदीसारखा भडक. नेमका तो आईच्या टोपलीत होता. तुझ्या बाळासाठी तिने घेतलेली लोकर. स्वेटरची पाठ आणि पुढचे दोन्ही भाग झाले होते, बाह्या राहिल्या होत्या. मी आधी उरलेला गुंडा घेतला. तो संपल्यावर पुढच्या एका भागाच्या चार ओळी उसवल्या. म्हटलं, आई यायच्या आत परत विणून ठेवीन, तिला कळणारही नाही. मग चारच्या दहा झाल्या. विणायला महिना लागतो, उसवायला दुपारही लागत नाही. आई घरी यायच्या आत तिचा स्वेटर माझ्या शालीची एक वीत झाला होता.

आई गेल्यावर चौथ्या दिवशी तू फोनवर विचारलंस, "आईनं बाळासाठी सुरू केलेला कुठवर आला होता गं?" आणि मी म्हणाले, "झालाय." कसं निघालं तोंडातून, मला अजून कळत नाही. तुझ्या रडण्याचा आवाज बदलला, तू म्हणालीस, "म्हणजे घरी आल्यावर तिनं बाह्या केल्या," आणि मी तेही खोडलं नाही.

मग मी शाल उसवली. दोनदा विणलेली लोकर कुरळी झाली होती. पाटाला गुंडाळून, वाफ देऊन, वजन लावून सरळ केली. आईच्याच दहा नंबरच्या सुया घेतल्या. माझा हात सैल, तिचा घट्ट. म्हणून प्रत्येक टाक्याला धागा बोटावर दोनदा फिरवून ओढत होते. बोटाला घट्टा पडला. तुला बारशाला दिसला तेव्हा तू विचारलं होतंस, मी विळीचं काहीतरी सांगितलं. सगळ्यात वाईट ते पुढेच आहे. आई लहान मुलाच्या प्रत्येक विणकामात डाव्या काखेपाशी एक टाका मुद्दाम चुकवायची. लेकराला तीट लावतात तशी ती विणकामाला लावलेली तीट. मी तोही टाका चुकवला, मोजून, बरोबर जागी. बारशात तू सगळ्यांसमोर तो शोधून काढलास, त्यावर ओठ टेकलेस आणि म्हणालीस, "ही माझी आईच आहे." बायका डोळे पुसत होत्या. मी तुझ्या पाठीमागे ओटीचं ताट घेऊन उभी होते.

तर लोकर आईची आहे, वीण माझी आहे. मळला तर धू. त्यात तिच्या हाताचा वास नाही, जपण्यासारखं काही नाही.

एवढंच असतं तर कदाचित मी आयुष्यभर गप्प राहिले असते, तुला बरं वाटतंय ना म्हणून. पण वर्षश्राद्धाला तू सगळ्यांना सांगशील की आईने मरणाच्या दारात नातीसाठी बाह्या विणल्या, तेव्हा लोक माझ्याकडे बघतील, कारण ती घरी आल्यावरचे अकरा दिवस तिच्यापाशी मी होते. दवाखान्यातून आल्या आल्या तिने मागितलं होतं, "शरे, माझं विणनं दे बरं इकडं. पडल्या पडल्या बाह्या होऊन जातील." मी म्हणाले, आधी बरी हो. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितलं. मी म्हणाले, डॉक्टरांनी हाताला ताण नको सांगितलंय. डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं. ती बाबांना म्हणाली, "पोरगी लय काळजी करते हो माही," आणि मग तिने मागणं सोडलं. ताई, तिला विणता येत होतं. वेळ होता, ताकद होती, अकरा दिवस होते, आणि माझी चोरी उघडी पडेल म्हणून मी तिला विणू दिलं नाही. शेवटच्या दोन दिवसांत चादरीच्या काठावर तिची बोटं सारखी हलायची, सुया धरल्यासारखी. बाबांना वाटलं थंडी वाजतेय, त्यांनी वर आणखी एक पांघरूण घातलं. मी समोर बसून ओळी मोजत होते. तिने डाव्या बाहीच्या बावीस केल्या.

रागावलीस तरी तुझीच,
शरयू