लोखंड ऐकू न येणारं मशीन

२ मे
जुन्या बाजारातून उचललेल्या मेटल डिटेक्टरची खरी किंमत: मशीन चाळीस पौंड. बायकोचा, म्हणजे मेव्हिसचा, जिरेनियमच्या फुलांचा वाफा उकरला गेला, नवी रोपं अठरा. वाफ्याखालचा पाइप फुटला, प्लंबर नव्वद. मेव्हिसचा अबोला फुकट.
सापडलं काय, तर बाटल्यांची झाकणं आणि तो पाइप. (पाइप तांब्याचा होता. म्हणजे तांबं बरोबर ओळखलं. हे कोणी लक्षातच घेत नाही.)
निश्चय: आता मशीन नीट पारखून घ्यायचं. वेळच वेळ आहे. धंदा विकला. लॉर्नाचं लग्न चौदा जूनला, पण त्यात माझं काम एकच, मध्ये मध्ये न येणं. हे मायलेकींनी परस्पर ठरवलंय.

६ मे
पिमच्या दुकानात गेलो. डिटेक्टर विकणारा तोच आणि आमच्या भागातल्या क्लबचा अध्यक्षही तोच. म्हणजे न्हावीही तोच आणि आरसाही त्याचाच.
तीन मशीन दाखवली. एक साधं, जमिनीतलं सगळं ऐकवणारं. दुसरं पाण्यात चालणारं. मला पाण्यात चालायचं नाही. तिसऱ्याला लोखंड वगळायचं बटण. दाबलं की खिळे, नाल, तारा, सगळे गप्प. फक्त चांदी-सोनं-तांबं बोलणार.
पिम म्हणाला, साधं घे. लोखंड ऐकायला शीक. म्हणाला, "लोखंड बंद केलंस ना वर्नन, की तुला हवं तेवढंच ऐकू यायला लागेल. वाईट खोड आहे ती." मी म्हटलं, माझ्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली, ती खोड कधीच लागलीय.
स्वस्तातलं घ्या म्हणणारा दुकानदार मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. काहीतरी काळंबेरं आहे. तिसरं घेतलं.

७ मे
एक गोष्ट लिहून ठेवतो, पिमला सांगून उपयोग नाही. चाळीस वर्षं भंगाराचा धंदा केला. हातगाडीपासून दोन क्रेनपर्यंत आलो. माझे डोळे बांधा, धातू दगडावर वाजवा, मी नाव सांगतो. पितळ, जस्त, शिसं, काहीही. चाळीस वर्षांत एकदाही चुकलो नाही. आणि लोखंड तर झोपेतही ओळखेन. आयुष्यभर तेच ऐकलंय, आता निवृत्तीत तरी ऐकायचं नाही.
मशीन कितीला पडलं, मेव्हिसने विचारलं. म्हटलं, पिमने सूट दिली. तिने किती सूट ते विचारलं नाही. संध्याकाळी तिने नव्या ओव्हनचं पत्रक टेबलावर ठेवलं. त्यावरही सूट होती.

१० मे
जेफ लारवुडने शेतात फिरायची परवानगी दिली. फाटकावर हात मिळवला. फाटक लावायचं, खड्डे बुजवायचे, सापडेल त्यातलं अर्धं त्याचं. बाकी कागद नाही, काही नाही. नॉरफोकमध्ये हात मिळवला की झालं.
लग्नाचा तंबूही त्याच शेतात लागणार, कोठाराजवळ. या वर्षी त्याने ते पडीक ठेवलंय.

१७ मे
पहिला दिवस. दोन झाकणं, एक चेपलेलं काडतूस. मग शेताच्या उत्तरेच्या कोपऱ्याला गेलो. तिथे काटेरी झुडपं माजलीत, मध्ये बशीसारखा उथळ खळगा. जेफ म्हणतो, नांगर तिथे वळसा घेतो. का? "बाबा घ्यायचे वळसा, म्हणून मी घेतो." हे म्हणे शेतकरी.
खळग्याच्या काठावर गेलो आणि मशीन गायला लागलं.
गोड आवाज. स्वच्छ, गोल, मोठा. हेडफोन काढला तरी कानात राहिला. पुढे सरकलो, गातंय. मागे आलो, गातंय. माझ्या हातावरचा केस न् केस उभा राहिला.
नियमाप्रमाणे कोणाला सांगितलं नाही. आपली जागा सांगायची नसते, हे आमच्यात लहान पोरही जाणतं.

१८ मे
क्लबची बैठक. एका नव्या माणसाने पिमला विचारलं, मोठा गोड आवाज आला तर काय करावं. पिम म्हणाला, मशीनची तबकडी गुडघ्यापर्यंत उचल. तरीही गात असेल तर चांदी नव्हे, मोठं लोखंड. पुरेसं मोठं असलं की ते बटणालाही चकवतं आणि चांदीचा आवाज काढतं.
मी बिस्किट खाल्लं.

१९ मे
गुडघ्यापर्यंत उचललं. गातंय. कमरेपर्यंत उचललं. गातंय.
केवढा मोठा ठेवा असेल हा!
पिमचा नियम सुट्या नाण्यांसाठी असणार. हंडाभर चांदी त्याने जन्मात पाहिली नाही, त्याला काय माहीत. मी बसून हाताने माती थोपटली. तिथली माती थंड होती, बाकीच्या शेतापेक्षा थंड. चांदी थंडच असते.

२४ मे
जेफच्या आईकडे चहा. एनिड लारवुड, नव्वदी ओलांडली, दारावरची घंटा तिला ऐकू येत नाही. मी साठी पार केली तरी तिच्या लेखी "पोरा"च.
मी सहज, पण तिच्या कानाशी मोठ्याने विचारलं, त्या कोपऱ्यात काय आहे. तिने कप खाली ठेवला. म्हणाली, युद्धात एका रात्री परतणाऱ्या जर्मन विमानाने उरलेले बॉम्ब इथे टाकले. ती टेबलाखाली बापाच्या कुशीत होती. बापाने पडणाऱ्या बॉम्बच्या शिट्ट्या मोजल्या, अकरा. "धमाके दहाच झाले, पोरा. सकाळी त्याने नांगर फिरवून घेतला आणि मरेपर्यंत सरळ नेला नाही."
जेफ हसला. म्हणाला, आई ही गोष्ट दर नाताळात सांगते, पुडिंगच्या आधी.
मी मात्र हसलो नाही. घरी येताना विचार केला. युद्धात घाबरलेली माणसं काय करतात? चांदी पुरतात. मग पोरांनी तिथे खेळू नये म्हणून काय सांगतात? बॉम्ब आहे असं सांगतात. याच्यापेक्षा भारी कुलूप नाही. एनिडचा बाप हुशार होता. मीही तेच केलं असतं.

२८ मे
संकट. क्लबचा वार्षिक शोध-दिवस या वेळी लारवुडच्याच शेतात, आठ जूनला. तीस माणसं, तीस तबकड्या. माझ्या कोपऱ्यावर.
आत्ताच उकरावं तर जमीन दगड झालीय आणि जेफची बायको खिडकीतून दुर्बीण लावून पक्षी बघते.

२९ मे
उपाय सुचला. मलाच सुचणार.
लॉर्नाला म्हटलं, कोठाराजवळ काय तंबू लावतेस, शेणाचा वास. उत्तरेच्या कोपऱ्यातून चर्चचा मनोरा दिसतो. फोटो काय येतील! तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "बाबा, तू फोटोंचा विचार केलास?" डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मिठी मारली.
म्हणजे कोपरा लग्नासाठी राखीव, क्लबला बंदी. लग्न झालं की तंबू दोन दिवस उभाच असतो. आत, नाचासाठी घातलेल्या फळ्या उचलून, आडोशाला आरामात उकरायचं. अर्धा ठेवा जेफचा, माझ्या अर्ध्यातलं एक काहीतरी लॉर्नाला. कायद्याप्रमाणे सरकारला कळवावं लागेल, कळवू. वर्तमानपत्रात फोटो येईल. पिम ते वाचेल.
जेफने झुडपं कापली. यंत्र खळग्यापाशी आणताना त्याने सवयीने वळसा घेतला. मीच हात करून त्याला आत बोलावलं.

३ जून
सकाळी फोन वाजला. एनिड लारवुड. तिला आमचा नंबर कुठून मिळाला देव जाणे. पलीकडून ओरडून बोलत होती, बहिरी माणसं बोलतात तशी. "पोरा, तिथे तंबू नको. तिथे पोरींना नाचवू नको." मी म्हटलं, बरं आजी. ऐकू आलं नसावं, कारण तिने तेच पुन्हा सांगितलं. मी पुन्हा म्हटलं, बरं.
मेव्हिसने विचारलं, कोण. म्हटलं, चुकीचा नंबर.
लग्नाच्या आठवड्यात म्हातारीच्या भीतीने कोणाचा मूड घालवायचा नसतो.

८ जून
शोध-दिवस. कोपऱ्याभोवती दोर. तीसही जण दोरापर्यंत येऊन परत फिरले. पिम मात्र दोराशी उभा राहिला. त्याचं मशीन साधं, सगळं ऐकणारं. त्याने दोरावरून तबकडी पुढे धरली आणि एका कानावरचा हेडफोन बाजूला केला. मला म्हणाला, "वर्नन, इथे तू काही ऐकलंयस का?"
म्हटलं, नाही बाबा.
तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मत्सर दिसतो तेव्हा असाच दिसतो.

११ जून
झोप नाही. आनंदाने असणार. मशीन कपाटात ठेवलंय, तरी तो गोड आवाज डोक्यात चालूच आहे. मेव्हिस म्हणाली, घामाने उशी ओली झालीय. म्हटलं, उकाडा. तिने खिडकी उघडली. बाहेर गार वारा होता.
लग्नाला ऐंशी माणसं. नाचाच्या फळ्या बरोबर खळग्यावर येतात. फळ्या पावलांनी हादरतात, हे लक्षात आलं होतं. चांदीला काय होतंय हादऱ्याने?

१२ जून
तंबूवाले आले. त्यांच्या लोखंडी मेखा माझ्या कमरेपेक्षा उंच, आणि ठोकायला घण नव्हे, मशीन. पहिली मेख मातीत गेली. दुसरी गेली. लॉर्ना फळ्यांवर उभी राहून मोबाइलवर मोजमाप दाखवत होती.
तिसरी मेख अडकली.
मी फाटकापाशी होतो. तिथून ऐकलं. दगडावर मेख आदळली तर टक् होतं आणि संपतं. चांदीच्या भांड्यावर आदळली तर कापल्यासारखं चिरकतं. हे तसं नव्हतं. हे जाड होतं. गोल होतं. आणि आतून भरलेलं होतं.
तंबूवाला म्हणाला, "दगड आहे, अजून एक ठोका देतो."
मी किती जोरात ओरडलो मला माहीत नाही. मेव्हिस म्हणते, चर्चपर्यंत गेलं. मी शेतातून पळत गेलो, लॉर्नाला फळ्यांवरून उचललं. लहानपणानंतर पहिल्यांदाच. ती ओरडत होती, "बाबा, वेडा झालास का? माझी सँडल!" तंबूवाले हसत होते. मग त्यांनी माझं तोंड बघितलं आणि हसायचे थांबले.
पोलीस. मग लष्कर. मग दोर, माझ्या दोरापेक्षा खूप लांब. जेफच्या मेंढ्या हलवल्या. एनिड लारवुडला खुर्चीसकट गाडीत घातलं. तिने जाता जाता माझ्याकडे बघितलं.

१३ जून
तंबू कुठे लावायचा या प्रश्नाचं उत्तर: कुठेच नाही. मेजवानी गावच्या हॉलमध्ये. बॅडमिंटनच्या रेषांवर टेबलं.
लॉर्नाने विचारलं, तुला कळलं कसं? म्हटलं, कान. ती बरं म्हणाली. मग म्हणाली, जेफ सांगत होता त्याच्या आईने तुला फोन केला होता. मी म्हटलं, आवाज नीट येत नव्हता.
ती म्हणाली, "ती बहिरी आहे, बाबा. तू नाहीस."
 

१४ जून
लग्न झालं. चर्च दोराच्या बाहेर, म्हणून तेवढं ठरल्याप्रमाणे. हॉलमध्ये मी भाषणाला उभा राहिलो. "मुलीच्या बापाचे कान नेहमी उघडे असावे लागतात," एवढं म्हणालो आणि लष्कराने शेतात तो बॉम्ब उडवला. खिडक्या थरथरल्या, पेले किणकिणले, एक बाई रडायला लागली. दारावरची घंटा ऐकू न येणाऱ्या एनिड लारवुडने कप खाली ठेवला.
"अकरा," ती म्हणाली.
पुढचं भाषण कोणी ऐकलं नाही. मीही नाही केलं. लॉर्ना माझ्याबरोबर नाचली, एक गाणं पूर्ण. गाणं संपल्यावरही हात लगेच सोडला नाही.

१६ जून
पिम येऊन गेला. टोमणा मारला नाही, त्याचाच जास्त त्रास झाला. दुकानातलं साधं मशीन बरोबर आणलं होतं. म्हणाला, तुझं मला दे, हे घे. दिलं.
जेफने खड्ड्यातला एक तुकडा पाठवलाय, लष्कराने बघून दिलेला. हिशोबाप्रमाणे माझा अर्धा वाटा, म्हणाला. तळहाताएवढा, जड, कडा वेड्यावाकड्या. मेव्हिस समोर बसली होती. सवयीने डोळे मिटले आणि तुकडा पायरीच्या दगडावर वाजवला.
लोखंड.