शून्य, चार, सात

बारामती, ५ मे १९९७

प्रिय म्हाळसा,

तुझ्या लाडक्या पुतणीनं माझ्या गळ्याचं काय केलंय ते आधी ऐक. राजनंदिनी हितल्या काँप्युटर क्लासात शिकवती, तिथल्या डबड्यात तिनं माझा एक 'आ' भरून घेतला. एकच! त्याच्यावरनंच स्वतःच्या हळदीचं गाणं रचलं म्हणती. पडद्यावर चार उभ्या रांगा, एका रांगेत एका वेळी एकच सूर. बाया जास्त पाहिजेत तर सुरापुढं शून्य, चार, सात लिहायचं. म्हंजे मूळ सूर, चार पायऱ्या वर, सात पायऱ्या वर, असं इतक्या वेगानं फिरवायचं की ऐकणाऱ्याला वाटावं तिघीजणी गातायत. मी म्हटलं, अगं, चूल, शेरडं अन् तुमचे शाळेचे डबे, एकटीनं तिघींचं काम मी जन्मभर केलंय, मला काय शिकवतीस!

पण ऐकलं तर काय, रिकाम्या पिंपात गांधीलमाशी अडकल्यागत भणभण. पोरीनं शून्य, तीन, सात करून बघितलं, सूर घसरत खाली आणून बघितला. मी मान हलवीना. चौथी शिकले, पण कान शाबूत हायत माझे. नेमकं काय चुकतंय ते तरी सांग, म्हणून ती वैतागली. मला सांगता येईना. शेवटी तिनं आकडे पुसले, दुसऱ्या रांगेतला आवाज जरा खालच्या सुरात घेतला अन् दोन ओळी खाली ढकलला, म्हंजे तो पहिल्याच्या मागनं येतो. म्हाळसे, अंगावर काटा आला माझ्या. तू व्हतीस ती.

माझ्या थोरल्या शंभूराजाच्या हळदीला चाळीस बायांत मीच बोलले, म्हाळसाला सूर धरता येत न्हाय, नुसती मागं रेंगाळती. तू ताटावरनं उठलीस अन् सहा वर्षं आमचा उंबरा चढली न्हाईस. चुकलं माझं. तुझ्या त्या रेंगाळण्यावरच माझं गाणं उभं व्हतं, अन् हे कळायला मला डबड्यासमोर बसावं लागलं.

राजनंदिनीची हळद अठराला हाय. काकू आली न्हाय तर कर्ण्यावर डबडंच लावीन म्हणती. मी लावू द्यायची न्हाय. पहिली ओळ मी उचलीन, दुसरी तू उचल, पाहिजे तेवढी मागनं. हितल्या गुरुवारच्या बाजाराला तुमच्या कळंबचं कुणी ना कुणी येतंच, त्याच्याजवळ निरोप धाड. व्हय का न्हाय, एवढंच. शुक्रवार उजाडू देऊ नको.

तुझीच, कायम पुढं पळणारी जाऊ,
प्रयाग