डावीकडून तिसरी

२ मार्च १९४८

नाही जाणार परत! दादांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "कालेज टाकून आला, आता गावात कोणते दिवे लावणार आहेस?" ताट सरकवून उठलो. आई दारापर्यंत हाका मारत आली. उपाशीच वाचनालयात.

ग्रंथपाल पुंजारामकाकांनी काही न विचारता डब्यातली अर्धी भाकर पुढे केली. म्हणाले, "रिकामा आहेस तर त्या काचा पूस. एक जरी फोडलीस तर याद राख!"

काचा म्हणजे 'कुंडलिका'च्या. आमच्या जालन्याचं साप्ताहिक ते. गेल्या ऑगस्टात निजाम सरकारने छापखान्याला कुलूप ठोकलं, संपादक तुरुंगात गेले, फोटो काढणारे रखमाजी निजामाची सरहद्द ओलांडून देऊळगावराजाला पळाले. पळण्याआधी फोटोंच्या सगळ्या काचा पोथ्यांच्या पेट्यांत भरून इथे आणून ठेवल्या त्यांनी. सबंध शहर मागच्या खोलीत रचून ठेवलंय — आणि कुणाला पत्ता नाही.

मी इतक्या लवकर हो का म्हणालो, ते काकांना कळलं असेल का? त्यात गोपिका आहे.

५ मार्च

काकांची शिस्त — ज्या बाजूला चित्र उमटवणारा मसाला थापलेला असतो ती फिकी बाजू आपल्याकडे धरायची, मोरपिसाने धूळ झटकायची, फुंकर मारायची नाही.

खिडकीशी धरली की सगळं उलटं. केस पांढरेफेक, चेहरे काळे. कुणी हसत असला तर दात काळे! मोंढ्यातले हमाल, जांबच्या जत्रेतल्या बाया, जिनिंगचे मजूर. जिनिंगच्या आगीत गेलेला एक जण ओळखू आला, पागोट्याच्या बांधणीवरून. आगीच्या आधीची काच. काळ्या दातांनी हसतोय.



८ मार्च

सापडली!

पंधरा ऑगस्टची काच. बंदी मोडून याच वाचनालयाच्या पायऱ्यांवर झेंडा लावला, तो दिवस. वर पुरुष, खाली बायकांची रांग, कडेला लिंब. मी तेव्हा औरंगाबादेत लाठ्या खात होतो. नंतर ती म्हणाली होती, "नव्हतात तेच बरं. झेंडा सोडून माझ्याकडंच बघत बसला असता!" दिवाळीत तिच्या घरचेही सरहद्दीपार गेले. तेव्हापासून ना चिठ्ठी ना निरोप.

ऑगस्टअखेर घरी आलो तेव्हा, पळायच्या आधी, रखमाजींनी कानात सांगितलं होतं, "काचेत सगळ्या सारख्याच दिसतील तुला. डावीकडून तिसरी — ती तुझी."

तुरीच्या दाण्याएवढा चेहरा. मान थोडी कललेली. तीच! अशी मान दुसऱ्या कुणाची असेल?

इथे आत बसलं की खिडकीतला लिंब डाव्या हाताला येतो. काचेतही डावीकडेच. सगळं जिथल्या तिथे आहे. फक्त ती नाही.

छाप काढायला कागद नाही. आणि गावातल्या फोटोवाल्याकडे ही काच नेणं म्हणजे आपल्या पायांनी ठाण्यात जाणं.

१४ मार्च

वाचनालयाचा शिपाई म्हस्कू दारात घुटमळत होता. त्याची बायको कडूबाई इथे झाडझूड करायची. थंडीत वारली. म्हणाला, "धर्माभाऊ, त्या झेंड्याच्या दिवशी पोरींनी तिलाबी हाताला धरून रांगंत उभं केल्तं म्हणे. घरी येऊन सांगू राह्यली, माझा फोटू निघाला. मी म्हणलं, तुझा कोण काढतंय! लई हसलो मी. बघा ना, दिसती का कुठं."

मी खेकसलो, "इथं सगळ्यांचीच तोंडं काळी आहेत म्हस्कू! कोण कुठली काही कळत नाही."

"बराबर हाय," म्हणाला अन् गेला.

एवढं चिडायचं काय कारण होतं? पण तो रोज येऊन काच हातात घेईल हे मला खपलं नसतं.

२७ मार्च

दुपारच्या उन्हात काच हातावर धरली की तिची सावली तळव्यावर पडते. मूठ मिटली. उघडली. आहे अजून!

तिला सगळं सांगतो. दादांचं, कालेजचं. ऐकते.

१९ एप्रिल

गोपिका गेली.

देऊळगावराजाहून सरकीवाला आला होता. सहज बोलावं तसं बोलला. तिकडे पळून गेलेल्यांच्या छावणीत पटकी आली, पाटलाची गोपिका गेली, आणखी दोघं गेले. पाडव्याच्या आधीच. म्हणजे मी काचेशी बोलत होतो तेव्हा ती —

२० एप्रिल

काही नाही.

६ मे

ती हलते. शपथ घेऊन लिहितो. कालची मान आणि आजची मान सारखी नाही. काकांना सांगितलं तर म्हणाले, "उन्हात बसू नको, डोकं फिरेल." फिरू दे!

पेटीचं झाकण लावलं की आतून कुजबुज येते. एवढे लोक! त्यातले निम्मे मेलेले.

११ जून

घात झाला. ठाण्यातल्या कारकुनाने काकांना गुपचूप कळवलं — उद्या अमीनसाहेब, त्यांचा फौजदार, झडतीला येणार. झेंड्याची काच इथे असल्याची कुणीतरी चुगली केलीय. चेहरे पाहून एकेकाला उचलणार. काच गायब दिसली तर आधी काकांना.

मी म्हणालो, "येऊ दे! काठी घेऊन उभा राहतो." काका म्हणाले, "गाढवा, तू मरशील अन् काच ते घेऊन जातील. ओलीनं खराब झाली असं दिसलं पाहिजे."

दार लावलं. पाण्याने मसाला भिजवला. नेहमीसारखी ती बाजू माझ्याकडे, अन् दाभणाने एकेक चेहरा खरवडला. पुरुष. बायका. प्रत्येकाची मनात माफी मागितली.

डावीकडून तिसरीपाशी हात थांबला. काका म्हणाले, "उरक जल्दी."

"हिला आता कोण धरून नेणार, काका?"

तिला ठेवली.

१२ जून

अमीनने काच खिडकीशी धरली. "सब के मुँह कहाँ गए?"

काका — "सीलन, साहब."

"हौर ये औरत? इसको सीलन नहीं लगी?"

मी म्हणालो, "मर गई वो."

माझ्याकडे बघत राहिला. मग कानाखाली एक वाजवली. "कालेज का लौंडा दिखता!" काच टेबलावर टाकली — तडकली नाही, नशीब — "भूतों को पकड़के मैं क्या करूँ!"

गाल अजून हुळहुळतोय. पण ती आहे! अख्ख्या रांगेत एकटी.

२६ सप्टेंबर

फौजा आल्या, निजामी गेली. रस्त्यावर गुलाल. दादांनी मला सगळ्यांदेखत मिठी मारली. मी मात्र कोरडाच.

रखमाजी परत आले. केस पिकलेत. म्हणाले, "गोपिकाच्या आईनं एक छाप मागितलाय. पोरीचा दुसरा फोटोच नाही त्यांच्याकडं."

मी छाती काढून सांगितलं, "आहे! मी राखलीय तिला."

३० सप्टेंबर

रखमाजींनी मुंबईचा कागद आणलाय. पायऱ्यांवरच काच अन् कागद चौकटीत दाबून उन्हात ठेवले. मी शेजारी बसून होतो, देवापुढे बसावं तसा.

छाप निघाला. जिथे जिथे खरवडलं तिथे काळे डाग. डोकी आहेत, पदर आहेत, चेहरे नाहीत. आणि एक चेहरा.

गोपिका नाही.

लिंब उजवीकडे. धावत रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. खरंच उजवीकडे! फोटो रस्त्यावरून काढलेला. मी आत बसून बघत आलो.

रखमाजी म्हणाले, "अरे, मसाल्याच्या बाजूनं पाहिलं की डावं ते उजवं होतं. कुणी सांगितलं नाही तुला?"

डावीकडून तिसरा डाग इतरांपेक्षा नीट खरवडलेला आहे. माझंच दाभण.

सगळं ऐकत आलेली ही बाई कोण? गोपिकाच्या आईला काय लिहू?

२ ऑक्टोबर

म्हस्कू छाप धरून बसला होता. बोट लावत नव्हता. म्हणाला, "ही मान बघा, धर्माभाऊ. सरपण वाहून वाहून अशीच कलल्ती. कडूच हाय!" मग माझे पाय धरायला वाकला. "एवढ्या मोठ्या घरच्या बाया पुसल्या तुम्ही, अन् आमच्या कडूला राखलं. का हो?"

मी त्याला उठवलं. म्हणालो, "कडूमावशींची मान पुसवेना, म्हस्कू."