शेजारच्या घळीतला झेंडा

१७ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय दादा,

नमस्कार. तू बरा असशील, वहिनी बरी असेल, गुडघ्याला लावायचं तेल अजून संपलं नसेल. आम्ही इकडे ठीक. जावयाला बढती मिळाली, मांजरीला पिल्लं झाली. झाली ख्यालीखुशाली. आता मुद्द्याचं बोलते.

फोन तू उचलत नाहीस. उचलला असतास तरी मी ओरडले असते आणि तू "बरं बरं" म्हणत ठेवून दिला असतास. पत्राला मधेच तोडता येत नाही, म्हणून पत्र.

काल संध्याकाळी मुंगीची आई माझ्याकडे आली होती. मुंगी म्हणजे आपल्या शिबिरातली ती बारकी, नकाशात नाक खुपसून हळूहळू चालणारी. पहिल्या दिवशी तूच तिला हे नाव ठेवलंस. आई शिवणकाम करते. आपण मुलांना सरावासाठी घरी होकायंत्र देतो ना, ते तिने अस्तराच्या तुकड्यात नीट गुंडाळून आणलं होतं. म्हणाली, "हे परत घ्या ताई. ती म्हणते, मला दिशाच कळत नाहीत." बस म्हटलं तर बसलीसुद्धा नाही. मी ते होकायंत्र हातात धरून दारात उभी राहिले. खरं सांगते, तू समोर असतास तर तुझ्या टाळक्यात घातलं असतं.

काय झालं ते तुला तुझ्या सोयीनेच आठवणार, म्हणून मीच सांगते. रविवारी शिबिराचा शेवटचा दिवस. टेकडीमागच्या रानात तू आदल्या संध्याकाळी झेंडे बांधून आलास. मुलांनी नकाशा आणि होकायंत्र घेऊन एकेक झेंडा शोधायचा, तिथे टांगलेल्या पंचने आपल्या कार्डाला भोकं पाडायची आणि परत यायचं. ज्यांचं कार्ड पूर्ण, त्यांच्यातून शाळांच्या स्पर्धेसाठी संघ निवडायचा. सगळी पोरं पूर्ण कार्ड नाचवत आली. मुंगी सगळ्यांत शेवटी आली, चौथी चौकट कोरी ठेवून.

तू ते कार्ड सगळ्यांसमोर वर धरलंस. ती म्हणाली, "सर, मी बरोबर जागी होते. तिथे झेंडाच नव्हता." त्यावर तू काय म्हणालास? "मग काय झेंड्याला पाय फुटले का गं?" पोरं फिदीफिदी हसली. तेवढ्यावर भागलं नाही म्हणून वर आणखी, "नकाशा हातात धरता आला म्हणजे वाचता आला असं होत नाही." संघाच्या यादीतून तिचं नाव गेलं. पोरं आता तिला हरवलेली मुंगी म्हणतात. तिची आई सांगत होती, काल शाळेत जाताना ती वाट बदलून गेली.

तिची आई गेल्यावर मला राहवेना. आज सकाळी उठून रानात गेले. नकाशावरचा चौथा गोल पुलापलीकडच्या पहिल्या घळीत आहे, मोठ्या दगडाच्या मागे. दगड आहे. मागे काही नाही. ना दोरीचं टोक, ना तुडवलेलं गवत. फक्त बुटांचे लहान ठसे, एकाच पोराचे, दगडाभोवती फिरून फिरून उमटलेले. मग शेजारच्या घळीत गेले. तीही तशीच, तिच्यातही तसाच दगड. तिथल्या झुडपाला तुझ्या दोरीचा तुकडा अजून लोंबतोय. झेंडे गोळा करणाऱ्यांनी कापून टाकलेली तुझी ती दुहेरी गाठ. आपल्या घरात ती दुसऱ्या कुणाला बांधता येत नाही आणि सोडवता तर त्याहून येत नाही. खाली गवताचं पार भुसकट झालंय.

आता कळलं कसं झालं ते? पायवाट त्या दुसऱ्या घळीच्या तोंडावरून जाते. पुढच्या पोरांना वाटेवरूनच झेंडा दिसला, ती धावली, बाकीची त्यांच्यामागून धावली. नकाशा बघितला कुणी? एकीने बघितला. तिची आई सांगत होती, तिला पलीकडून पोरांची ओरड ऐकू येत होती, एकाने हाकही मारली, तरी ती गेली नाही, कारण नकाशा म्हणत होता की इथेच. तीन दिवस घसा फोडून आपण हेच शिकवतो ना? जिने ते ऐकलं ती एकटी नापास. बाकी सगळे हुशार. वा रे न्याय.

एकोणतीस तारखेला बक्षीस समारंभ आहे. तिथे सगळ्यांसमोर उभं राहून सांग की झेंडा चुकीच्या घळीत लागला होता आणि ती पोरगी बरोबर होती. चूक कुणाच्याही हातून होते. एक वाक्य बोलायचंय, जीभ झडणार नाही.

अक्षर मोठं काढलंय, त्यामुळे कागद जास्त लागले. का म्हणून विचारत बसू नकोस.

तुझ्यावर भयंकर चिडलेली,
लवंगी


२० नोव्हेंबर, शुक्रवार

चि. लवंगीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. माझा हात मुरगळला आहे, म्हणून मी सांगतोय आणि तुझी वहिनी लिहून घेते आहे. ती मधेमधे नाक मुरडते आहे, तिकडे लक्ष देऊ नये. (मी नाक मुरडत नाही. वहिनी.)

झेंडा बरोबर जागी होता. तू फ्रॉक घालत होतीस तेव्हापासून मी ते रान पायाखाली घालतो आहे. त्याचा नकाशा मी काढला आहे. कुणातरी टवाळ पोराने झेंडा सोडून पलीकडे बांधला असेल. दुहेरी गाठ म्हणशील तर ती काय माझी खासगी मालमत्ता नाही. आणि एका पोरीसाठी निकाल फिरवला तर उद्या प्रत्येक आईबाप दारात येऊन बसेल. हे खेळातलं शिस्तीचं काम आहे, तुझ्या भिशीच्या गप्पा नाहीत.

मुलीला वाईट वाटलं असेल तर वाटू दे, त्यातूनच माणूस शिकतो. आम्ही नाही का शिकलो.

आणि कृपा करून मला शिकवू नकोस. शाळेत भूगोल शिकवत होतो तेव्हापासून शिबिरं घेतोय. आजवर माझा एकही झेंडा चुकलेला नाही. विचार कुणालाही.

मांजरीची पिल्लं इकडे पाठवू नयेत.

तुझा,
दादा


२३ नोव्हेंबर, सोमवार

दादा,

आज ख्यालीखुशाली नाही. हे पत्र जाड मार्करने लिहिते आहे. एका पानावर जेमतेम सात-आठ ओळी बसतात, बसू देत. हे तू स्वतः वाचायचं आहेस. वहिनी, तू जरा बाहेर जा.

हात मुरगळला म्हणे. मी वहिनीला विचारलं कुठला, तर ती म्हणाली डावा. तू उजव्या हाताने लिहितोस.

"आजवर माझा एकही झेंडा चुकलेला नाही." हे वाचलं आणि माझं डोकं फिरलं. हे मी कधीच सांगणार नव्हते. तूच मला बोलायला लावलंस, आता ऐक.

गेल्या वर्षीच्या पहिल्या शिबिरात टाकीजवळचा झेंडा तू विहिरीजवळ बांधलास. मला वाटलं, घाईत झालं असेल. गुपचूप काढून जागेवर नेला. पुढच्या शिबिरात पुन्हा तेच, त्याच्या पुढच्यात आणखी. मग दर वेळी सकाळी पोरं यायच्या आधी "पाण्याचे कॅन ठेवून येते" असं सांगून मी निघायचे आणि तुझा सगळा मार्ग चालून यायचे. तू सगळ्यांना सांगायचास, लवंगीला दोन कॅन ठेवायला एवढा वेळ लागतो, गप्पा छाटत बसत असेल. कुणाशी छाटणार, झाडांशी? तुझे झेंडे हलवत होते मी. तुझ्या त्या गाठी मी दातांनी सोडवल्या आहेत. त्या रविवारी नोंदणीवाल्या बाई आल्या नाहीत म्हणून तू मला टेबलावर बसवलंस. मी म्हटलं, एक दिवस नाही गेले तर काय आभाळ कोसळणार आहे? कोसळलं. त्या पोरीवर कोसळलं.

झेंड्याला पाय फुटले का, असं विचारलंस ना तिला? फुटले होते. माझे.

तुला दिसेनासं झालंय, हे मला केव्हाच कळलंय. तू पेपर हातात धरून बसतोस, पान उलटत नाहीस. वर्गात नकाशा समोर धरतोस पण वाचत नाहीस, पाठ म्हणतोस. संध्याकाळच्या उजेडात त्या दोन घळी तुला एकच दिसल्या असतील. मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चल म्हणायला हवं होतं, पण मला भीती वाटली. शिबिरं गेली तर तू खुर्चीत बसशील आणि उठणारच नाहीस, बाबा बसले तसा. मला ते पुन्हा बघायचं नव्हतं. म्हणून झाकत राहिले.

पण माझा राग तुझ्या डोळ्यांवर नाही. डोळे कुणाचेही जातात. तुला दिसत नव्हतं म्हणून तू ज्या पोरीला धडधडीत दिसत होतं तिला आंधळी ठरवलंस, याचा राग आहे. आणि बांधताना तुला स्वतःला खात्री नव्हती. ते मी तुझ्या आवाजावरून ओळखलं. खात्री असते तेव्हा तू कुणाची टिंगल करत नाहीस, मान डोलावतोस आणि पुढचं कार्ड मागतोस.

पहिल्या तासाला मुलांना तूच सांगतोस, वाट चुकली असं वाटलं की धावत सुटू नका. थांबा. जिथपर्यंत पक्की खात्री होती त्या जागी परत जा आणि तिथून पुन्हा बघा. मुंगीने तेच केलं. पुलापर्यंत परत आली, पुन्हा नकाशा लावला, पुन्हा त्याच दगडापाशी गेली. बारा वर्षांची पोर आहे ती. तू मात्र चुकल्याचं कळूनसुद्धा धावत सुटला आहेस, आणि वाटेत जो आडवा येईल त्याच्यावर ढकलतो आहेस.

एकोणतीसला मी सकाळी तुला घ्यायला येईन. तू सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि मी बोलायला लागले की झेंड्यापाशी थांबत नाही, डोळ्यांपर्यंत जाते, तुला माहीत आहे. पुढच्या शिबिरापासून झेंडे मी बांधेन, वर्ग तू घे. तुझ्यासारखा नकाशा शिकवणारा मी दुसरा बघितलेला नाही, हे एवढी चिडलेली असतानाही लिहिते आहे. पण ते सगळं नंतर. आधी ती पोरगी.

तुझ्या झेंड्यांचे पाय,
लवंगी


२६ नोव्हेंबर, गुरुवार

चि. मुंगीस,

हे अक्षर माझं आहे. ओळी वरखाली गेल्या असतील. लागलं नाही तर आईकडून वाचून घे.

चौथा झेंडा चुकीच्या घळीत होता. तो मीच तिथे बांधला. कुणी सोडून नेला नव्हता. मला आता नीट दिसत नाही आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. तू बरोबर जागी होतीस. दोन्ही वेळा.

मी जे बोललो ते बोलायला नको होतं. हे सगळं रविवारी सगळ्यांसमोर सांगणार आहे. संघाच्या यादीत तुझं नाव लिहा असं ताईंना सांगितलं, तर म्हणाल्या, ते कधीच लिहून झालंय. त्यांच्याशी वाद घालू नये असा माझा तुला सल्ला आहे.

होकायंत्र त्यांच्याकडून मागून घेतलं, ते याबरोबर पाठवतो. आता परत आणू नकोस, तुझंच आहे.

एक विचारायचं होतं. रविवारी समारंभाच्या आधी मला त्या दगडापाशी घेऊन जाशील का? नकाशा तू धर. मी मागून येईन, मधे बोलणार नाही.

अजून म्हणावंसं वाटत असेल तर,
तुझे सर