आईचा अंगठा

दि. १२ जुलै

ती. दादास,

नमस्कार. आईला तुझ्या दुकानामागच्या खोलीतून माझ्याकडे आणून तीन आठवडे झाले. पाठीवरची जखम सुकत आली आहे. मला अधूनमधून 'मावशी' म्हणते, पण जेवते नीट.

एक गोष्ट मात्र उमगत नव्हती. तिच्यासमोर काहीही सपाट धरलं, औषधाची डबी, ताटली, माझा मोबाइल, की ती मुकाट्याने उजवा अंगठा पुढे करते. दाबून धरते. मग माझ्या तोंडाकडे बघते, झालं का म्हणून.

परवा खत खात्याचा निरीक्षक यादी घेऊन दारात आला. शेतीचा युरिया सरकार स्वस्तात देतं, म्हणून गोणी घेणाऱ्याचा अंगठा दुकानातल्या यंत्रावर लागतो, हे तुला मी काय सांगायचं. आईच्या अंगठ्यावर यंदा एकशे चाळीस गोण्या निघाल्या. तो आईच्या पलंगाशी वाकून म्हणाला, "आजी, शेत कुठं आहे तुमचं?" दोन वर्षं जिला कूस बदलता येत नाही, तिने त्याच्या यादीवर अंगठा टेकवला.

मी तिचा अंगठा यादीवरून उचलून घेतला.

तू पलंगाशी दिवसातून किती वेळा जायचास, तिचा हात हातात घ्यायचास, याचं मी चार नातेवाइकांत कौतुक केलं होतं. शी! तो युरिया प्लायवूडवाल्याकडे फळ्या चिकटवायचा डिंक करायला जातो, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे. निरीक्षकही कुठला धुतल्या तांदळाचा? जाताना म्हणाला, "भावाला भेटून जायला सांगा, मिटवता येईल." सगळे एका माळेचे मणी. पण आई रे, दादा?

आता जे टाळत होते ते लिहिते. यंत्र आलं त्या दिवशी तू हाक मारलीस, "छकुले, जरा अंगठा दे." मी दिला. लग्न होईपर्यंत देत राहिले. मी गेल्यावर तुला दुसरा अंगठा लागणार, हे मला कळत होतं. कुणाचा, ते विचारलं नाही, कारण माझ्या घरातली कपाटं त्याच प्लायवूडवाल्याने फुकट करून दिली होती. आज त्यात आईची लुगडी ठेवताना माझीच मला किळस येते.

काल खत खात्याच्या जिल्हा कचेरीत जाऊन जबाब लिहून दिला. त्यात आधी माझ्या अंगठ्याची हकिगत, मग आईच्या, आणि निरीक्षकाचं ते 'मिटवता येईल'सुद्धा. कारकून म्हणाला, "खाली आजींचा अंगठा घेऊन या." मी नाही म्हटलं. खाली सही माझी आहे. तुझा परवाना जाईल. कदाचित तुला आत जावं लागेल, मलाही.

आई इथेच राहील. आत जायच्या आधी तिला भेटून जा. मात्र रिकाम्या हाताने ये. फळंसुद्धा आणू नकोस. ताटलीत घालून पुढे केलीस, तर ती अंगठा देईल.

तुझीच,
छकुली