मेंग आजोबांचा प्रश्न

१४ ऑक्टोबर, सोमवार

पायांची पार वाट लागली. म्हणायला सुट्टीचा दिवस, पण शेडवर मश्रूम भरताना होत नाही एवढी दमणूक आज झाली. आधी इथे राहण्याच्या परवान्याची कचेरी – माझा नंबर १४७, चालू होता ६२. दोन तास बसले. खिडकीतल्या पोरीनं फोटो परत केला. कान दिसत नाहीत म्हणे. खाली जाऊन केस मागे ओढून दुसरा काढला, पुन्हा नंबर लावला. कोरियन भाषेच्या वर्गाची हजेरी भरली नाही तर मुदतवाढ अवघड, हेही तिनं जाता जाता ऐकवलं. मग बँक. गुडघ्याचं मलम. बुटाचा उकललेला तळ. आणि तशीच वर्गाला.

सुल्गीबाई – वय सत्तावीस, माझ्या मुलाहून लहान – म्हणाल्या, प्रत्येकानं स्वतःबद्दल पाच-सहा वाक्यं बोला. मी उभी राहिले. माझं नाव रिम्मा नोगाय. वय सत्तावन्न. माझी आजी कोरियन. सदतीस साली रशियाच्या सरकारनं तिला गाडीत भरून उझबेकिस्तानात नेऊन टाकलं. मी ताश्कंदजवळून नऊ महिन्यांपूर्वी दक्षिण कोरियात एकटी आले. इथे माझ्या नात्याचं कोणी नाही.

सुल्गीबाई म्हणाल्या, व्याकरण बरोबर आहे.

१६ ऑक्टोबर, बुधवार

आज हसं झालं. जोडीजोडीनं प्रश्न विचारायचे होते. माझ्या वाट्याला ‘जेवलात का?’ आला. मी विचारला – आणि शेवटी आजीचं ‘दुं’ लागून गेलं. ती प्रश्न विचारताना नेहमी असंच ‘दुं’ लावायची. उत्तर कोरियाकडची, समुद्रकाठची बोली. शेजारची व्हिएतनामी पोरगी तोंडावर वही धरून हसत सुटली. मीही हसले. काय करणार?

सुल्गीबाई मात्र हसल्या नाहीत. वर्ग सुटल्यावर मला थांबवून घेतलं. त्यांची आई वृद्धाश्रमात परिचारिका आहे. तिथे चौऱ्याण्णव वर्षांचे एक मेंग आजोबा आहेत. कोरियाच्या युद्धात उत्तरेकडून बोटीनं एकटे आले, इथे गवंडीकाम केलं, संसार केला. सहा महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला, आणि तेव्हापासून इथली भाषा गेली. लहानपणची तेवढी उरली. दिवसभर काहीतरी विचारत असतात आणि कुणालाच कळत नाही.

‘त्यांच्या बोलण्याच्या शेवटीही असंच दुं-दुं येतं,’ बाई म्हणाल्या. ‘एकदा येऊन ऐकाल का?’

मी म्हटलं, बघते. खरं तर मनात म्हटलं – सुट्टीचे दोनच दिवस, त्यात आणखी एक काम.

१९ ऑक्टोबर, शनिवार

शेड. सहाशे डबे. लिहिण्यासारखं काही नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार

गेले एकदाची.

खोलीत दोन खाटा, एक रिकामी. दुसरीवर मेंग आजोबा – हाडांचा सापळा, पण हात अजून गवंड्याचे, रुंद. उशाशी त्यांची मुलगी ग्योंगसुक, वय त्रेसष्ट. बाजारात कपडे उसवून-शिवून देण्याचं तिचं दुकान आहे. गळ्यात टेप तसाच होता. मला म्हणाली, ‘बस गं. तू काही ऐकलंस तर ऐकलंस, नाहीतर निदान चहा घेऊन जा.’ मी तिला ताई म्हणायला लागले, आपोआपच.

त्यांच्या बोलण्यातला ‘भात’ – जेवणालाही इथे तोच शब्द – एवढाच सगळ्यांना कळायचा. म्हणून ते बोलले की पुढे पेजेची वाटी यायची. आजोबा तोंड मिटून घ्यायचे, चमचा ढकलायचे. हट्टी म्हातारा, असं नाव पडलं होतं.

मी कान तोंडाजवळ नेला. जीभ जड, अर्धे शब्द गिळलेले. पण तिसऱ्यांदा लख्ख कळलं. माझी आजी रोज संध्याकाळी दारात उभी राहून माझ्या आईला हेच विचारायची.

पोर जेवली का?

सहा महिने हा माणूस भात मागतोय असं सगळ्यांना वाटलं होतं. तो दुसऱ्याच कुणाच्या तरी जेवणाची चौकशी करत होता.

ताईंनी विचारलं, काय म्हणतात? मी म्हटलं, ‘तुमच्याबद्दल विचारतायत. तुम्ही जेवलात का म्हणून.’

तेव्हा मला तसंच वाटलं होतं. देवाशपथ, तसंच वाटलं होतं.

 ताईंनी टेप गळ्यातून काढला, बोटाला गुंडाळला, पुन्हा सोडला. मग म्हणाल्या, उभ्या जन्मात मला यांनी हे कधी विचारलं नाही. शाळेचं विचारलं नाही, लग्नाचं विचारलं नाही. कामावरून यायचे, भिंतीकडे तोंड करून निजायचे. – आणि मग रडल्या. मला जिन्यापर्यंत पोचवायला आल्या, मुळ्याच्या किमचीचा डबा हातात दिला.

घरी येऊन बूट न काढता तशीच बसून राहिले. दमले होते, पण वेगळं दमले होते.

२३ ऑक्टोबर, बुधवार

वर्ग, मग वृद्धाश्रम. आजोबांशी मी आजीच्या बोलीत बोलले. म्हटलं, आजोबा, थंडी पडायला लागली. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला लाजल्यासारखं झालं. माझी ही बोली ताश्कंदला पोरं चिडवायची म्हणून मी सोडली होती. इथे सुल्गीबाई ती लाल पेनानं खोडतात.

२८ ऑक्टोबर, सोमवार

हे लिहावं की नाही कळत नाही. कुणाला सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

ताई पाणी आणायला गेल्या होत्या. आजोबांनी माझं मनगट धरलं आणि बोलायला लागले – तुकड्यातुकड्यांनी, पण सलग. धक्क्यावर बर्फ होता. बोटीवर बायामुलांना घ्यायला जागा नव्हती. निदान त्यांना तसं सांगितलं होतं. पोर तीन वर्षांची. आईच्या पाठीवर बांधलेली. दोन आठवड्यांत येतो म्हटलं. पोरीच्या हातात उकडलेला बटाटा होता, तो खाली पडला, ती रडायला लागली. बोट सुटली. मग पुन्हा तेच – ओक्पुन जेवली का?

ओक्पुन. म्हणजे ताई नाहीत.

तिकडे एक बायको होती, एक मुलगी होती. ताईंना यातलं काही माहीत नाही. त्यांना एवढंच माहीत आहे की वडलांचे आईबाप बाँबमध्ये गेले आणि मागे कुणी उरलं नाही.

ताई दारात आल्या. शेवटचं नाव त्यांनी ऐकलं. विचारलं, ओक्पुन म्हणजे काय गं?

मी म्हटलं, लहान मुलीला लाडानं म्हणतात तिकडे.

हे मात्र जाणूनबुजून. हे तसं वाटलं म्हणून नाही.

३० ऑक्टोबर, बुधवार

गेले नाही. गुडघ्याचं निमित्त सांगितलं.

४ नोव्हेंबर, सोमवार

जायलाच हवं होतं, गेले. न जाते तर बरं झालं असतं.

ताईंनी आता नवा पायंडा पाडलाय. दुकान बंद करून दुपारी येतात, बापाच्या कानाशी वाकतात आणि म्हणतात, ‘बाबा, तुमची ओक्पुन जेवली हं. मासा होता आज.’ त्रेसष्ट वर्षांची बाई, आवाज अगदी पोरीसारखा. इथल्या बोलीत म्हणतात. आजोबांना काही कळत नाही. ते तिच्या पलीकडे दाराकडे बघतात आणि पुन्हा विचारतात. ती पुन्हा सांगते. शेवटी त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

ताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, मी नीट नाही का सांगत?

त्यांचा तो चेहरा! मी खिडकीबाहेर बघत बसले. मी त्यांना एक वस्तू दिली होती, ती त्यांची नव्हतीच. आता काढून घ्यायची तरी कशी? आणि ठेवू दिली तर हा म्हातारा उत्तर न मिळताच जाणार.

वर्गात काही डोक्यात शिरलं नाही. सुल्गीबाईंना विचारलं, बाई, दुसऱ्याचं बोलणं सांगताना आपण एखादी गोष्ट गाळली तर त्याला काय म्हणायचं? त्यांना वाटलं व्याकरणाचा प्रश्न आहे. फळ्यावर दोन नियम लिहून दाखवले.

६ नोव्हेंबर, बुधवार

सांगितलं.

वृद्धाश्रमात नाही, त्यांच्या दुकानात. त्या मशीनवर बसल्या होत्या, मी समोरच्या स्टुलावर. शब्द जमवून, सुल्गीबाईंची सगळी वाक्यरचना वापरून सांगितलं. बोट, बर्फ, बटाटा. तीन वर्षांची. ओक्पुन हे लाडाचं नाव नाही, तिचं नाव आहे. मी तुमच्याशी खोटं बोलले, ताई.

त्यांनी मशीन थांबवलं नाही. पँटची एक बाजू पूर्ण शिवली. धागा तोडला. मग विचारलं, ‘म्हणजे माझ्याबद्दल एकदाही नाही?’

मी खूप आठवून पाहिलं. आठवत राहिले, निदान काहीतरी सापडावं म्हणून. नाही सापडलं.

म्हणाल्या, आता जा तू. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

१० नोव्हेंबर, रविवार

सर्दी. अंगात कसकस. शेडवर जाऊन आले. मुलाचा ताश्कंदहून फोन – हिवाळा संपला की ये ना परत. म्हटलं, येते बहुतेक.

११ नोव्हेंबर, सोमवार

कचेरीतून नवं कार्ड मिळालं. फोटोत दोन्ही कान आहेत. वर्गात तोंडी परीक्षा, पास झाले. सुल्गीबाई हळूच म्हणाल्या, आई सांगत होती, मेंग आजोबांकडे बुधवारपासून कुणी आलेलं नाही. मुलगीसुद्धा नाही.

तशीच तिकडे गेले. आजोबांचा आवाज खूप खाली गेलाय. त्यांनी विचारलं. मला उत्तर देता आलं असतं, शब्द होते माझ्याजवळ. पण ते उत्तर देणारी मी कोण? नुसता हात धरून बसले.

१३ नोव्हेंबर, बुधवार

ग्योंगसुकताई वर्गाच्या दारात उभ्या होत्या. सगळ्यांना वाटलं नवी विद्यार्थिनी. मला बाहेर बोलावलं. डोळे सुजलेले. मागचं काही बोलल्या नाहीत. पिशवीतून शाळेची कोरी वही काढली आणि म्हणाल्या, तुझ्या आजीच्या बोलीत लिहून दे – जेवली, पोटभर जेवली, आता निजलीय.

जिन्यात बसून घोकून घेतलं. शेवटचा सूर जमेना. अकरा वेळा म्हणाल्या.

मग दोघी गेलो. त्या वाकल्या, म्हणाल्या. आजोबा ऐकत राहिले. मग एक लांब श्वास सोडला, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच दारावरची नजर काढून तिच्याकडे बघितलं.  त्यांनी विचारलं, तू कोण गं? मला कळलं ते, तिला नाही कळलं.

मी सांगितलं, काय विचारतायत ते.

ताईंनी वहीचं पान उलटलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘ओक्पुनची धाकटी बहीण – हे कसं म्हणायचं?’